ग्रंथालयाचा फलक फोनवर नेताना : प्रकल्प नोंदी, जून २०२५ ते फेब्रुवारी २०२६

१६ जून २०२५, सोमवार

शाळा आज सुरू झाली. ग्रंथालयासाठी समाजमाध्यमांचा काही उपयोग करता येईल का, हे वर्षभर पाहून त्याच्या नोंदी ठेवण्यास मुख्याध्यापकांनी मागील सत्राच्या अखेरीस सांगितले होते. त्या नोंदी आजपासून या वहीत लिहीत आहे. आमची शाळा वाई येथील मराठी माध्यमाची असून वर्ग पाचवी ते दहावी आहेत. मी अर्धवेळ ग्रंथपाल आहे. त्यामुळे देवघेव, वाचन तासिका, दाखल नोंदवही आणि जून महिन्यातील पाठ्यपुस्तक वाटप यांतून उरेल तेवढाच वेळ या कामाला मिळणार आहे. साधने म्हणजे कार्यालयातील एक संगणक, फक्त काळी शाई असलेला एक प्रिंटर आणि माझा फोन.

सध्याची पद्धत अशी आहे की, ग्रंथालयाबाहेरील काचेच्या फलकावर ‘नवीन आवक’ या मथळ्याखाली दाखल क्रमांक, ग्रंथनाम, लेखक आणि किंमत असे चार रकाने असलेली यादी लावली जाते. तपासणीच्या वेळी ही यादी उपयोगी पडते. परंतु ती वाचून पुस्तक मागायला आलेला विद्यार्थी मला आठवत नाही. म्हणून प्रकल्पाचे उद्दिष्ट आजच ठरवून टाकले. फोनवर गेलेल्या प्रत्येक फलकामुळे, म्हणजे पुस्तकाची माहिती देणाऱ्या चित्रामुळे, देवघेव नोंदवहीत निदान एक ओळ वाढली पाहिजे. किती जणांनी अंगठा किंवा बदाम टाकला, हे मोजायचे नाही.

२० जून, शुक्रवार

कोणते माध्यम वापरावे हे ठरवण्याआधी वाचन तासिकेत प्रत्येक वर्गाला दोनच प्रश्न विचारले : घरी फोन कोणाचा आहे आणि तो तुमच्या हातात केव्हा येतो? उत्तरांत फारसा फरक नव्हता. फोन वडिलांचा किंवा आईचा असतो, दिवसभर तो त्यांच्याबरोबर कामावर किंवा शेतावर जातो आणि रात्री जेवणानंतर घरात हाती लागतो. दहावीतील मोजक्या मुलांकडे स्वतःचा फोन आहे, मात्र तो शाळेत आणण्यास मनाई आहे.

यातून इन्स्टाग्रामचा प्रश्न आपोआप मिटला. तेथे खाते उघडण्यासाठी वयाची तेरा वर्षे पूर्ण असावी लागतात आणि आमचे पाचवी ते सातवीचे बहुतेक विद्यार्थी त्या वयाखालील आहेत. शाळेनेच तेथे जाऊन बसायचे आणि मुलांनी वय खोटे टाकून मागे यायचे, हे मला मान्य नाही. फेसबुकवर शाळेचे पान आहे, परंतु त्यावर प्रामुख्याने माजी विद्यार्थी येतात. उरले व्हॉट्सॲप, आणि ते प्रत्येक घरात आहे.

नवा ग्रुप न काढता चॅनल उघडण्याचे ठरवले. ग्रुपमध्ये सर्वांचे क्रमांक एकमेकांना दिसतात, कोणीतरी सकाळी फुलांची चित्रे टाकू लागते आणि ग्रंथालयाची सूचना त्यांखाली दडून जाते. चॅनल एकतर्फी असते. तेथे सदस्यांचे क्रमांक एकमेकांना दिसत नाहीत. चॅनल माझ्या फोनवरून न चालवता कार्यालयाच्या सिमकार्डावरून चालवावे, अशी विनंती मी केली आणि ती मान्य झाली. खाते व्यक्तीच्या नावावर असेल, तर त्या व्यक्तीची बदली किंवा निवृत्ती झाली की खातेही तिच्याबरोबर जाते. वर्गशिक्षकांनी प्रत्येक फलक आपापल्या वर्गाच्या ग्रुपवर पुढे पाठवावा, असेही ठरले.

या चौकशीतून निघालेली खरी गोष्ट मात्र वेगळीच आहे आणि ती मी आधी विचारात घेतली नव्हती. फलक मुलासाठी असला, तरी तो प्रथम पाहणार आहेत आई किंवा वडील, तेही रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास, थकलेल्या डोळ्यांनी.

२७ जून, शुक्रवार

पहिला फलक तयार करण्यात आठवडा गेला आणि त्यातला बराचसा वेळ अक्षरांनीच घेतला. पुढच्या वेळी कोणाला हे काम करावे लागले, तर तेवढा वेळ वाचावा म्हणून येथे सविस्तर लिहून ठेवते.

कार्यालयातील जुन्या सूचना ज्या फाँटमध्ये आहेत, ते युनिकोडपूर्व काळातील, म्हणजे सर्व संगणकांवर आणि फोनवर सारखीच वाचता येणारी अक्षरपद्धत येण्यापूर्वीचे आहेत. तेथील मजकूर उचलून डिझाइनच्या संकेतस्थळावर चिकटवला की मराठीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. असा मजकूर फोनवर शोधताही येत नाही. त्यामुळे सर्व काही युनिकोडमध्ये नव्याने टंकित केले.

त्यानंतर इंग्रजीसाठी बनवलेला एक तयार नमुना घेतला आणि त्यातील मजकूर बदलून मराठी घातला. मथळ्याची शिरोरेषा प्रत्येक अक्षरानंतर तुटलेली दिसू लागली. फाँट खराब असावा असे वाटून मी तीन फाँट बदलून पाहिले. कारण निराळेच निघाले : मूळ नमुन्यात अक्षरांमधील अंतर वाढवलेले होते. इंग्रजी मोठ्या अक्षरांना ते शोभते, परंतु देवनागरीत शब्द शिरोरेषेने बांधलेला असतो, तेथे हे अंतर शून्यच ठेवावे लागते. दोन ओळींमधील अंतराचे याच्या उलट आहे. इंग्रजीसाठी पुरणारे अंतर मराठीला अपुरे पडते, कारण वरच्या ओळीतील उकार आणि खालच्या ओळीतील वेलांटी, मात्रा किंवा रफार एकमेकांत घुसतात. मी ते अंतर अक्षराच्या उंचीच्या दीडपट ठेवले, तेव्हा ‘मुलांच्या गोष्टी’ हा मथळा दोन ओळींत नीट बसला.

तिसरी गोष्ट ‘ल’ आणि ‘श’ या अक्षरांची. राज्य शासनाच्या २०२२ च्या शासन निर्णयानुसार मराठीत पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ वापरायचा आहे, आणि पाठ्यपुस्तकांतून मुले हीच वळणे शिकतात. अनेक देवनागरी फाँटमध्ये मात्र हिंदीची वळणे आपोआप येतात. शेवटी मजकुरासाठी ‘टिरो देवनागरी मराठी’ हा मोफत फाँट निवडला, कारण त्यात मराठी वळणे मुळातच आहेत. त्यात ठळक अक्षर नाही, म्हणून मथळ्यासाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने तयार केलेला ‘बालू’ घेतला. दोनच फाँट वापरायचे, तिसरा घ्यायचा नाही.

आणखी एक बारीकशी गोष्ट. ‘दऱ्याखोऱ्या’, ‘वाऱ्यावर’ या शब्दांतील अर्धा र काही ठिकाणी रफार होऊन ‘दर्‍या’चे ‘दर्या’ होतो. डोंगराच्या पुस्तकाचा फलक समुद्राचा होऊन बसतो. फलक चित्ररूपात साठवल्यावर असे शब्द पुन्हा एकदा वाचून पाहावेत.

५ जुलै, शनिवार

आकार निश्चित केला : १०८० बाय १३५० पिक्सेल, उभा. स्टेटससाठी १०८० बाय १९२० ची वेगळी प्रत. सामान्य फोनवर चित्राची रुंदी साधारण साडेसहा सेंटिमीटर दिसते. तेथे ४० पिक्सेलचे अक्षर सुमारे अडीच मिलिमीटरचे होते. त्याहून लहान अक्षर फलकावर येऊ द्यायचे नाही, असा नियम केला. परिणामी पुस्तकाविषयी पंचवीस-तीस शब्दांपेक्षा जास्त मजकूर मावत नाही आणि ते एका अर्थी बरेच आहे.

तपासणीची एक घरगुती पद्धत बसवली. आमच्या शिपाई मामांचा फोन जुना असून त्याच्या काचेला तडा आहे. प्रत्येक फलक आधी त्यांच्या फोनवर पाठवायचा आणि व्हरांड्यातील उन्हात हातभर अंतरावर धरून त्यांना वाचायला सांगायचे. पहिल्या नमुन्यातील फिकट पिवळ्यावरील पांढरी अक्षरे त्यांना वाचता आली नाहीत. वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत साध्या आकाराच्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे असे सांगितले आहे आणि हे प्रमाण मोजणारी मोफत साधने उपलब्ध आहेत, तरी मामांचा निर्वाळा मला अधिक भरवशाचा वाटतो.

हाच फलक छापून परिपाठाच्या जागी लावला, तेव्हा अक्षरे धूसर उमटली. ए-४ कागदावर स्वच्छ छपाईसाठी साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. फोनसाठीचे चित्र त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. छपाईची प्रत स्वतंत्रपणे पीडीएफमध्ये काढावी लागते आणि काळ्या शाईत रंग गेल्यावर फलक कसा दिसेल, हेही तेव्हाच पाहावे लागते. व्हॉट्सॲपवर पाठवताना एचडी हा पर्याय निवडावा. दस्तऐवज म्हणून पाठवले तर दर्जा टिकतो, परंतु मग ते कोणी उघडत नाही.

११ जुलै, शुक्रवार

तिसऱ्या फलकात लेखकाच्या नावात ऱ्हस्व-दीर्घाची चूक गेली. चॅनलवरून तो फलक मी दहा मिनिटांत काढला, परंतु तोपर्यंत चार वर्गांच्या ग्रुपवर तो पोहोचला होता, तेथून काही पालकांच्या स्टेटसवर गेला होता आणि तेथून तो मागे घेणे माझ्या हातात नव्हते. काचेच्या फलकावरील चूक खोडरबराने पुसता येत होती, ती सोय आता राहिलेली नाही. दुसऱ्या दिवशी परिपाठात आठवीच्या एका मुलीने ती चूक सर्वांसमोर दाखवून दिली. मला तिचे कौतुक करावेच लागले.

यापुढे मराठीच्या सरांनी पाहिल्याशिवाय फलक बाहेर जाणार नाही. सरांना पाठवताना चित्राबरोबर पुस्तकाच्या शीर्षकपानाचा फोटो जोडायचा, म्हणजे त्यांना आठवणीवर विसंबावे लागणार नाही. फलकाच्या खालच्या कोपऱ्यात दिनांकही घालायचा. सहा महिन्यांपूर्वीची ‘उद्या पुस्तक प्रदर्शन’ ही सूचना पुन्हा फिरू लागली, तर लोक उद्या येऊन उभे राहतात.

२३ जुलै, बुधवार

आज एका विद्यार्थ्याच्या आईचा कार्यालयात फोन आला. सोमवारी वाचन तासिकेचे छायाचित्र मी चॅनलवर टाकले होते. त्यात तिचा मुलगा स्पष्ट दिसत होता आणि त्याच्या गळ्यातील ओळखपत्रावरील नाव व तुकडीही वाचता येत होती. तिचे घरगुती कारण होते. ते येथे लिहिण्याची गरज नाही. मूल कोणत्या शाळेत, कोणत्या वर्गात आहे, हे सर्वांना कळू नये, अशी तिची इच्छा होती आणि ती पूर्णपणे योग्य होती. छायाचित्र काढले, क्षमा मागितली. दोष माझाच होता. छायाचित्र छान आले, एवढाच विचार मी केला होता.

मुख्याध्यापकांशी बोलून पुढील पद्धत ठरवली. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक मानली जाते आणि तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची संमती अपेक्षित आहे. प्रवेश अर्जावरील ‘शाळेच्या सर्व उपक्रमांस संमती’ हे वाक्य यासाठी पुरेसे मानायचे नाही. संमतीपत्र वेगळे असेल, साध्या मराठीत असेल, त्यात छायाचित्र, आवाज आणि हस्ताक्षर यांसाठी तीन स्वतंत्र चौकटी असतील आणि संमती केव्हाही मागे घेता येईल, असे त्यात लिहिलेले असेल. मसुदा मी आजच लिहिला.

खरे पाहता वाचनाचे छायाचित्र चेहऱ्याशिवाय अधिक चांगले येते. उघडे पुस्तक आणि ते धरणारे दोन हात, कपाटाशी टाचा उंचावून उभी असलेली पाठमोरी मुलगी, बाकाखाली ओळीने काढून ठेवलेल्या चपला आणि वर पुस्तकांत बुडालेली डोकी, एवढे पुरते. मागच्या फळ्यावर हजेरीची संख्या किंवा गैरहजर मुलांची नावे लिहिलेली नाहीत ना, तेही पाहायचे. मूल संमतीने दिसले, तरी नाव द्यायचे नाही. ‘इयत्ता सातवी’ एवढाच उल्लेख करायचा.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आज ग्रंथपाल दिन. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांचा जन्म १२ ऑगस्ट १८९२ चा. गेल्या दोन महिन्यांत चॅनलवर जे जे टाकले, त्यांपैकी सर्वाधिक बदाम आजच्या शुभेच्छा फलकाला मिळाले आणि त्यावरून एकही पुस्तक गेले नाही. हे होणार याची कल्पना होती, पण आकड्यात पाहिल्यावर ते अधिक बोचले. शाळांच्या समाजमाध्यमांवर वर्षभर जयंत्या, पुण्यतिथ्या आणि दिन यांचीच रांग असते. प्रत्येक चौकटीत एक थोर पुरुष, एक समई आणि खाली शाळेचे बोधचिन्ह. पाहणारा नमस्कार करतो आणि पुढे सरकतो.

रंगनाथनांची ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे १९३१ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हे त्यांतील चौथे. त्या सूत्राने पाहिले, तर माझ्या फलकांत मोठीच उणीव होती : पुस्तक चांगले आहे असे मी सांगत होते, पण ते कोठे आहे हे सांगत नव्हते. आजपासून प्रत्येक फलकावर कपाट क्रमांक आणि कप्पा लिहायचा, उदाहरणार्थ ‘कपाट ४, खालून दुसरा कप्पा’. ड्युई वर्गीकरणाचा, म्हणजे विषयानुसार पुस्तकाला दिलेला, क्रमांक दाखल नोंदवहीत राहील. पाचवीच्या मुलाला तो सांगण्यात अर्थ नाही. ज्या दिवसाशी ग्रंथालयातील एखादे पुस्तक जोडता येत नाही, त्या दिवसाचा फलकही काढायचा नाही, असे ठरवले. यावर शिक्षक खोलीत थोडी नाराजी झाली. मुख्याध्यापकांनी तोडगा काढला : शुभेच्छा शाळेच्या फेसबुक पानावरून जातील, चॅनल पुस्तकांचेच राहील.

१० सप्टेंबर, बुधवार

गणपतीच्या सुट्टीनंतर चित्रांच्या आणि मजकुराच्या हक्कांचा विषय हाती घेतला, कारण सहावीच्या वर्गशिक्षिकांनी एक संपूर्ण कविता टंकित करून चॅनलसाठी पाठवली होती आणि ती मला नाकारावी लागली.

भारतात लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे प्रताधिकार टिकतो. साने गुरुजींचे निधन ११ जून १९५० रोजी झाले. त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरील प्रताधिकार २०१० च्या अखेरीस संपला आणि त्यातील उतारा आपण निर्धास्तपणे देऊ शकतो. त्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीचे मुखपृष्ठ मात्र आजच्या एखाद्या चित्रकाराचे असते आणि त्यावर त्याचा हक्क चालू असतो. सहावीच्या कवितेचे कवी हयात आहेत. वर्गात कविता म्हणणे आणि ती इंटरनेटवर संपूर्ण छापणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजावून सांगताना शिक्षिकांना मी कोतेपणा करते आहे असे वाटले असावे. दोन ओळी आणि पुस्तकाचे नाव देऊन, ‘उरलेली कविता कपाट २ मध्ये आहे’ असा फलक केला. तो संपूर्ण कवितेपेक्षा अधिक उपयोगी ठरला, हे मान्य करण्याइतका मोठेपणा शिक्षिकांनी दाखवला.

मुखपृष्ठांसाठी तीन प्रकाशकांना पत्रे लिहिली आहेत. दरम्यान कण्याकडून पुस्तकांचे छायाचित्र घेते. चार पुस्तके आडवी रचली की कण्यांवरील नावे स्वच्छ दिसतात. चित्रे हवी असतील, तेव्हा ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या मोफत गोष्टींच्या संकेतस्थळावरून घेते. तेथील मजकूर आणि चित्रे क्रिएटिव्ह कॉमन्सच्या खुल्या परवान्याखाली आहेत, मराठी गोष्टीही पुष्कळ आहेत. लेखक, चित्रकार आणि संकेतस्थळ यांचा उल्लेख करणे एवढीच मुख्य अट आहे. गुगलवर शोधून सापडलेले चित्र उचलण्याची सवय आम्हा सर्वांनाच आहे, ती मोडण्यास वेळ लागेल.

१५ ऑक्टोबर, बुधवार

वाचन प्रेरणा दिन. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९३१ चा आणि राज्यात हा दिवस २०१५ पासून साजरा होतो. यंदा तो सहामाही परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी यांच्या सांध्यावर आला. त्याचा फायदा घेऊन ‘दिवाळीची पाच पुस्तके’ ही योजना जाहीर केली : सुट्टीसाठी प्रत्येकाला एकाऐवजी पाच पुस्तके.

क्यूआर कोडचा प्रयोग मात्र फसला. व्हरांड्यात सहा ठिकाणी सुंदर क्यूआर कोड लावले होते. ते स्कॅन केल्यावर बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाच्या जुन्या अंकांचे संग्रहालय उघडत असे. ‘किशोर’ १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात, यापेक्षा चांगला दुवा मला सुचला नसता. पण शाळेत फोन आणायला बंदी आहे! ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी मी भिंतीवर कोड चिकटवत होते, हे लक्षात यायला मला चार दिवस लागले. भर म्हणून, ज्या मोफत संकेतस्थळावरून ते कोड बनवले होते, त्याने आठवड्यानंतर पैसे मागण्यास सुरुवात केली. त्या संकेतस्थळाचे कोड थेट पत्त्याकडे न जाता त्याच्याच मार्गाने जात होते. कोड घेताना ज्यात मूळ पत्ता थेट भरलेला असतो, असा स्थिर कोड घ्यावा. मूळ पत्ता चालू आहे तोवर तो बंद पडत नाही.

नवे कोड वाचनखुणांवर छापले. वाचनखूण पुस्तकात बसून घरी जाते आणि घरी फोन असतो. कोडची रुंदी दोन सेंटिमीटरपेक्षा कमी नको, भोवती पांढरी जागा सोडलेली हवी आणि रंग गडदावर फिकट न ठेवता फिकटावर गडद असावा. भिंतीवरच्या कोडसाठी हिशेब निराळा असतो : वाचणारा जितका लांब उभा राहील, त्याच्या साधारण दहाव्या भागाएवढी कोडची रुंदी लागते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

ग्रंथालय सप्ताह चालू आहे. या प्रकल्पातील सर्वांत चांगली गोष्ट ठरवून झाली नाही. सुट्टीवरून परतलेल्या सातवीच्या एका मुलाने पाच पुस्तकांबरोबर वहीचे फाडलेले पान दिले; त्यावर एका पुस्तकाविषयी पेन्सिलीने लिहिले होते की गोष्ट चांगली आहे, पण कुत्रा मरतो, म्हणून ज्याच्या घरी कुत्रा आहे त्याने शेवटची आठ पाने वाचू नयेत. मी ते पान जसेच्या तसे, खाडाखोडीसकट, संमती पाहून चॅनलवर टाकले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या पुस्तकासाठी रांग लागली. सर्वांना शेवटचीच आठ पाने वाचायची होती.

तेव्हापासून माझ्या बालू फाँटला विश्रांती आहे. दर आठवड्याला तीन हस्तलिखित अभिप्राय जातात. त्यासाठी आठवी-नववीतील पाच विद्यार्थ्यांचा गट केला असून निवड तेच करतात. मी दोनच अटी घातल्या : ‘हे पुस्तक खूप छान आहे, सर्वांनी अवश्य वाचावे’ हे वाक्य चालणार नाही आणि पुस्तकातील एक तरी नेमकी गोष्ट सांगितली पाहिजे. न आवडलेल्या पुस्तकाविषयीही लिहिता येईल. मराठीच्या सरांनी शुद्धलेखन दुरुस्त करण्याचा आग्रह धरला होता. मुलाच्या हस्ताक्षरातील चूक तशीच ठेवावी आणि फलकाच्या मथळ्यात तो शब्द शुद्ध लिहावा, यावर आमचे एकमत झाले.

छायाचित्र घेण्याची पद्धत : कागद खिडकीजवळच्या बाकावर सपाट ठेवायचा, फ्लॅश बंद, फोन कागदाला समांतर, आणि आपली सावली कागदावर पडत नाही हे पाहायचे. पेन्सिलीचा मजकूर फिका येतो, म्हणून फोनमधील दस्तऐवज स्कॅन करण्याची सोय वापरतो. मात्र तिने कागदाचा रंग पांढराफटक होतो आणि वहीच्या निळ्या रेघा जातात. मला रेघा हव्या असतात, त्यामुळे मुलांना शाईने लिहायला सांगितले आहे.

गटाला घेऊन शनिवारी भिलारला जाऊन आलो. पाचगणीजवळचे हे पुस्तकांचे गाव, २०१७ पासून घराघरांत विषयवार पुस्तके मांडलेली. मुलांनी तेथील पाट्या पाहिल्या. प्रत्येक घराबाहेर आत काय आहे ते दोन-तीन शब्दांत लिहिलेले असते. परत आल्यावर आमच्या कपाटांवरील ‘संकीर्ण’ ही चिठ्ठी त्यांनी काढून टाकली आणि ‘भुते, चोर आणि गुप्तहेर’ अशी पाटी लावली. मी आक्षेप घेतला नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

नोव्हेंबरच्या आरंभी देवघेव नोंदवहीत ‘कोठून कळले’ हा रकाना वाढवला होता. त्याची पाहणी आज केली. सर्वाधिक वेळा ‘मैत्रीण’ किंवा ‘मित्र’ असे लिहिले आहे, त्याखालोखाल परिपाठ. फोनवरील फलक तिसरा आहे. सहा महिन्यांच्या कामानंतर तिसरा क्रमांक पाहून मन खट्टू झाले, हे लपवत नाही. मग नोंदी पुन्हा बारकाईने पाहिल्या. ज्या पुस्तकापुढे ‘मैत्रीण’ लिहिलेले होते, त्यांतील बऱ्याच पुस्तकांची आठवड्यातील पहिली देवघेव फलकावरून झालेली होती. फलक पहिल्या वाचकाला आणतो. पुढचे काम तो वाचक करतो.

याच पाहणीत एक जुनी चूक सापडली. एकच प्रत असलेल्या पुस्तकाचा फलक काढला की पहिला विद्यार्थी ते नेतो आणि मागाहून आलेले सहा-सात जण रिकाम्या हाताने जातात; त्यांतील काही पुन्हा येत नाहीत. त्यांना फलकाने जेवायला बोलावून उपाशी परत पाठवल्यासारखे होते. यापुढे एकच प्रत असेल, तर फलकावर त्याच धर्तीची आणखी दोन पुस्तके द्यायची आणि मागणीची यादी टेबलावर ठेवायची.

वेळेविषयीही लिहून ठेवते. सकाळी पाठवलेला फलक बुडतो. रात्री आठनंतर पाठवलेला फलक दुसऱ्या दिवशी मला ग्रंथालयाच्या दारात भेटतो. चॅनलवर आठवड्याला तीनपेक्षा जास्त फलक नकोत, कारण चौथ्याला पालक चॅनलचा आवाज बंद करतात. दोन पालकांनी तसे मोकळेपणाने सांगितले.

९ जानेवारी २०२६, शुक्रवार

पालकसभेत एका आजीने विचारले की, चित्रात काय लिहिले आहे ते नातवंड घरी नसेल तेव्हा मला कोण सांगणार? ज्यांना वाचता येत नाही किंवा दिसत नाही, अशा घरांचा विचार मी केलाच नव्हता. आता प्रत्येक फलकाखाली तोच मजकूर टंकित करूनही देते. दृष्टिहीन व्यक्तीच्या फोनमधील वाचक प्रणालीला चित्रातील अक्षरे सहसा वाचता येत नाहीत, टंकित मजकूर वाचता येतो. आणि शुक्रवारी चाळीस सेकंदांचा आवाजी संदेश पाठवते, ज्यात एखादी विद्यार्थिनी पुस्तकाची सुरुवात स्वतःच्या शब्दांत सांगते. पुस्तकातील पाने जशीच्या तशी वाचून ध्वनिमुद्रित केलेली नाहीत. त्यासाठी प्रकाशकाची परवानगी लागेल. तीनपैकी एका प्रकाशकाचे मुखपृष्ठांविषयी होकाराचे पत्र आले आहे.

खात्याचा पासवर्ड, डिझाइनच्या मूळ फायलींची जागा आणि संमतीपत्रांची यादी बंद पाकिटात मुख्याध्यापकांकडे दिली. ज्यांची संमती नाही अशा विद्यार्थ्यांची यादी माझ्या टेबलाच्या काचेखाली उलटी ठेवली आहे.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

मराठी भाषा गौरव दिन, कुसुमाग्रजांची जयंती. शुभेच्छा फलक केला नाही. त्याऐवजी गटाने कवितेच्या कपाटातील अशी दहा पुस्तके काढली, ज्यांच्या तारीखपट्टीवर गेल्या पाच वर्षांत एकही शिक्का पडलेला नाही, आणि त्या कोऱ्या तारीखपट्ट्यांचेच छायाचित्र काढून बुधवारी रात्री पाठवले. मथळा मुलांनी दिला : ‘यांना कोणी नेत नाही.’ काल दुपारपर्यंत त्यांतील सात पुस्तके गेली.

आठवे आज सकाळी पाचवीच्या एका मुलाने मागितले. पाचवीला ते कठीण जाईल, असे मी त्याला म्हटले. त्याने सांगितले की पुस्तक त्याला नको आहे, आईला हवे आहे. तिने रात्री फोनवर पाहिले आणि शाळेत असताना तिने त्यातली एक कविता पाठ केली होती. शाळेच्या ग्रंथालयात पालकांना पुस्तक देण्याचा नियम नाही. मी ते मुलाच्या कार्डावर दिले आणि ‘कोठून कळले’ या रकान्यात त्याने ‘आई’ असे लिहिले. पालक सदस्यत्वाविषयी मुख्याध्यापकांशी बोलले. त्यांनी लेखी अर्ज मागितला आहे. अर्जात परतीची मुदत, अनामत आणि पुस्तक हरवल्यास भरपाई, हे तीन मुद्दे घालायचे आहेत. एप्रिलमध्ये पुस्तकांची वार्षिक पडताळणी सुरू होण्यापूर्वी तो द्यावा लागेल.